एनएसएफच्या ध्रुवीय बैठकीत बोलावं का, आणि काय बोलावं?

प्रश्न असा आहे: "मी अमेरिकेत हिमनदीशास्त्रात पोस्टडॉक करतोय. नॅशनल सायन्स फाउंडेशनचं (एनएसएफ, म्हणजे विज्ञानाला निधी देणारी अमेरिकी सरकारी संस्था) ध्रुवीय कार्यालय संशोधकांशी संवादाची बैठक घेणार आहे, तिचं आमंत्रण माझ्या गाइडने मला पाठवलं. अशा बैठकीत खरंच काही ठरतं का? मी तिथे काही विचारलं तर माझ्या पुढच्या प्रस्तावावर परिणाम होईल का? की मुकाट्याने ऐकून यावं?"

ठरत काहीच नाही. तरी जा. आणि तयारी करून गेलात तर बोलासुद्धा.

गेली अठरा-एकोणीस वर्षं मी या बैठकांना जातो आहे. बर्फाची जाडी रडारने मोजणं हे माझं काम. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी या बैठकांमधून चिडून बाहेर पडायचो, कारण तिथे काय मिळतं आणि काय मिळत नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ते तुम्हाला आधीच कळलं तर बरं, म्हणून जरा लांबण लावतो.

"बैठक" या एका शब्दात तीन-चार वेगवेगळे प्रकार येतात. डिसेंबरात अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या अधिवेशनात तासाभराचा टाउन हॉल, म्हणजे प्रश्नोत्तरांची खुली सभा, असतो. अधूनमधून ऑनलाइन सत्रं होतात. पश्चिम अंटार्क्टिक हिमचादरीवरच्या वार्षिक कार्यशाळेसारख्या ठिकाणी अधिकारी मागच्या रांगेत बसून ऐकतात आणि चहाच्या वेळी खरं बोलतात. आणि औपचारिक सल्लागार समित्या असतील तिथे त्यांना १९७२ चा कायदा लागू होतो: बैठक जाहीर करायची, खुली ठेवायची, इतिवृत्त ठेवायचं. तुम्हाला आलेलं आमंत्रण पहिल्या दोन प्रकारांपैकी एकाचं दिसतंय. तिथे समोरच्या माणसाला निर्णय द्यायचा अधिकारच नसतो, त्यामुळे निर्णयाची अपेक्षा घरीच ठेवून जा.

आता मुख्य मुद्दा. इतर शाखांमध्ये एनएसएफ म्हणजे पैसे देणारी संस्था. रसायनशास्त्रज्ञाला अनुदान मिळालं की तो आपल्या प्रयोगशाळेत जातो आणि कामाला लागतो. अंटार्क्टिकात हीच संस्था तुमची घरमालक आहे, विमान कंपनी आहे, खानावळ आहे आणि दवाखानाही आहे. १९८२ च्या अध्यक्षीय मेमोरँडम ६६४६ ने अमेरिकेच्या संपूर्ण अंटार्क्टिक कार्यक्रमाचं व्यवस्थापन आणि त्याचं बजेट एनएसएफच्या हाती दिलं. वर्षभर चालणारी तीन स्थानकं तिच्याकडे आहेत. मॅकमर्डोत भर उन्हाळ्यात हजाराच्या आसपास माणसं राहतात, दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉटमध्ये दीडशेच्या घरात, आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पावरच्या पामरमध्ये जेमतेम चाळीस-पंचेचाळीस. खोल बर्फात सामान नेणारी, स्की लावलेली एलसी-१३० विमानं न्यूयॉर्क एअर नॅशनल गार्डच्या १०९ व्या एअरलिफ्ट विंगकडे आहेत. जगात अशी मोठी स्की-विमानं दुसऱ्या कुणाकडे नाहीत आणि त्यांच्याकडेही ती दहाच. तीच विमानं उत्तरेच्या उन्हाळ्यात ग्रीनलंडला जातात. म्हणजे दोन ध्रुव आणि दहा विमानं, त्यातलंही एखादं नेहमी दुरुस्तीत. वर्षातून एकदा कॅलिफोर्नियातल्या पोर्ट हुएनेमीहून मालवाहू जहाज निघतं, त्याच्यासाठी वाट फोडणारं 'पोलर स्टार' हे तटरक्षक दलाचं जहाज १९७६ साली सेवेत आलेलं आहे. कितीतरी पोस्टडॉकांपेक्षा वयाने मोठं.

घोडं पेंड खातं ते इथे. तुमच्या प्रस्तावाला सगळ्या परीक्षकांनी "उत्कृष्ट" म्हटलं, पैसेही शिल्लक आहेत, तरी काम अडू शकतं, कारण त्या हंगामात तुमच्या तीन माणसांसाठी मॅकमर्डोत खाट नाही किंवा छावणी उभारायला उड्डाणाचे तास नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून या बैठकांमध्ये एक गंमत दिसते. पडद्यावर विज्ञानाच्या प्राधान्यक्रमांची स्लाइड असते तेव्हा निम्मे लोक फोनमध्ये असतात. खाटांचा आणि विमानांचा तक्ता आला की सगळ्यांच्या माना वर होतात, मागचे लोक उभे राहून फोटो काढतात. पंधरा वर्षांपूर्वीही असंच होतं.

या तक्त्याच्या मागे मोठी कहाणी आहे, आणि ती माहीत नसेल तर बैठकीतली निम्मी वाक्यं डोक्यावरून जातात. २०१२ मध्ये नॉर्मन ऑगस्टीन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अंटार्क्टिकातल्या सोयीसुविधांवर जाडजूड अहवाल दिला. त्याचा गाभा एवढाच: विज्ञान वाढवायचं असेल तर आधी वाहतूक, इंधन आणि इमारती सुधारा, कारण पैसा तिथेच मुरतो. त्यातून मॅकमर्डोच्या आधुनिकीकरणाचा प्रकल्प आकाराला आला आणि २०१९ मध्ये बांधकाम सुरू झालं. अहवाल आणि पहिली कुदळ यांच्यात सात वर्षं गेली हे लक्षात ठेवा. वर्षभरात कोव्हिड आला, काम थांबलं. मधल्या काळात जुनी राहती इमारत पाडून झाली होती आणि नवी वेळेत उभी राहिली नाही. एकीकडे साथीमुळे मागे पडलेल्या मोहिमांची रांग, दुसरीकडे खाटा आधीपेक्षा कमी. शेवटी २०२३ मध्ये एनएसएफने जाहीर केलं की अंटार्क्टिकात प्रत्यक्ष जाऊन काम करण्याचे नवे प्रस्ताव पुढच्या दोन हंगामांसाठी मागवले जाणार नाहीत. ज्यांची करिअरं नुकतीच सुरू होत होती त्यांच्यासाठी ही बातमी म्हणजे बसायला घेतलेली खुर्चीच कुणीतरी ओढून नेल्यासारखी होती.

मोठ्या प्रकल्पांचीही यातून सुटका झाली नाही. सीएमबी-एस४ हा विश्वाच्या आरंभीच्या प्रकाशाचा अभ्यास करणारा प्रचंड प्रकल्प. दक्षिण ध्रुवावर दुर्बिणी उभारायच्या असं वर्षानुवर्षं नियोजन चाललं होतं. २०२४ च्या मे महिन्यात एनएसएफने सांगितलं की ध्रुवावरच्या जीर्ण सुविधांची डागडुजी आधी, हा प्रकल्प सध्याच्या स्वरूपात पुढे नेता येणार नाही. विज्ञानाला कुणी नावं ठेवली नव्हती, प्रश्न जागेचा आणि विजेचा होता. त्याच वर्षी पामर स्थानकाकडे ये-जा करणाऱ्या 'लॉरेन्स एम. गूल्ड' जहाजाचा करारही संपला आणि द्वीपकल्पावरच्या जीवशास्त्रज्ञांची गणितं बदलली.

हे सगळं अचानक आभाळातून पडलं असं ज्यांना वाटलं ते बैठकांना येत नव्हते. येणाऱ्यांना खाटांचा तक्ता दरवर्षी आक्रसताना दिसत होता. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी वेळीच आपलं काम उपग्रहचित्रांकडे आणि मिनेसोटातल्या पोलर जिओस्पेशियल सेंटरने तयार केलेल्या उंचीच्या नकाशांकडे वळवलं. अंटार्क्टिकात न जाता करायच्या संशोधनासाठी एनएसएफची प्रस्ताव मागवणारी सूचना वेगळीच असते, त्या वाटेने त्या गेल्या. त्यांची दोन वर्षं वाचली. हा बैठकीचा पहिला आणि रोकडा फायदा: पुढे वाट बंद आहे हे वळणाआधी कळतं.

आता समोर बसलेल्या अधिकाऱ्याबद्दल. तो गुळमुळीत बोलतो म्हणून आपण वैतागतो, पण त्याच्या तोंडाला तीन कुलपं असतात. एक, राष्ट्राध्यक्षांचा अर्थसंकल्पीय प्रस्ताव जाहीर होईपर्यंत तो आकड्यांबद्दल अवाक्षर काढू शकत नाही, आणि जाहीर झाल्यावर त्याच्याविरुद्ध बोलू शकत नाही. २०२५ मध्ये एनएसएफचं सुमारे ९ अब्ज डॉलरचं बजेट ३.९ अब्जांवर आणण्याचा प्रस्ताव आला. शेवटचा शब्द संसदेचा, हे खरं. पण अशा वेळी मंचावरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही ताडायला जाऊ नका, त्याला तो चेहरा तसाच ठेवणं भाग असतं. दोन, अजून प्रसिद्ध न झालेल्या योजनेबद्दल एकालाच आगाऊ सांगितलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो, म्हणून तो कुणालाच सांगत नाही. तीन, कुठल्या प्रस्तावाचं परीक्षण कुणी केलं हे गोपनीय असतं. हे एकदा समजून घेतलं की त्याची भाषा वाचता येते. "सध्या शक्य नाही" याचा अर्थ हा हंगाम तरी विसरा. "प्रस्ताव पाठवण्याआधी प्रोग्राम ऑफिसरशी (म्हणजे तुमच्या विषयाचे प्रस्ताव हाताळणाऱ्या एनएसएफच्या अधिकाऱ्याशी) बोला" असं कुठल्याही प्रश्नाला उत्तर आलं तर समजायचं की उत्तर प्रत्येकासाठी वेगळं आहे आणि चारचौघांत देण्यासारखं नाही. ती टाळाटाळ नसते, खरोखरच मेल टाका.

हेही विसरू नका की या अधिकाऱ्यांपैकी काही जण विद्यापीठातून दोन-तीन वर्षांसाठी आलेले तुमच्या-आमच्यातलेच लोक असतात. उद्या ते परत येऊन तुमच्या शेजारी बसून प्रस्ताव लिहिणार आहेत. आणि सरकारी यंत्रणेचे फटके त्यांनाही बसतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झालं तेव्हा अंटार्क्टिकाचा हंगाम नुकता सुरू होत होता. स्थानकं फक्त राखणीपुरती चालू ठेवा, असा आदेश निघाला. दोनेक आठवड्यांत सरकार पुन्हा सुरू झालं. पण अंटार्क्टिकाच्या वेळापत्रकातले ऑक्टोबरचे दोन आठवडे परत कुठून आणणार? त्या वर्षी कितीतरी मोहिमा पुढे ढकलल्या किंवा रद्द झाल्या.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या "बोलावं का" या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यात आहे.

तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा एक प्रस्ताव नुकताच नाकारला गेला होता. टाउन हॉलमध्ये मी माइक धरला आणि मोठ्या तात्त्विक सुरात विचारलं की दूरच्या भागात काम करणाऱ्या छोट्या गटांना मोठ्या प्रकल्पांच्या तुलनेत न्याय मिळतो का. सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं की हा गृहस्थ स्वतःच्याच प्रस्तावाबद्दल बोलतोय. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. अधिकाऱ्याने तितकंच तात्त्विक उत्तर दिलं, मी खाली बसलो, कान गरम झाले होते.

बाहेर पडताना लॉजिस्टिक्सचं, म्हणजे वाहतूक आणि सामानसुमानाचं, नियोजन करणाऱ्या एका बाईंनी मला थांबवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला ड्रम किती लागणार होते?" मला उत्तर येत नव्हतं. माझ्या प्रस्तावात "विमानाची मदत लागेल" या अर्थाचं एक वाक्य होतं आणि सहा माणसांची नावं होती. बस. त्यांनी अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पेनाने हिशेब मांडला. इंधनाचा एक ड्रम म्हणजे सुमारे दोनशे लिटर, भरलेला असला की साधारण १८० किलो. ट्विन ऑटर विमान लांबच्या पल्ल्यावर जेमतेम टनभर उचलतं. म्हणजे एका फेरीत पाच ड्रम, आणि मग माणूस, तंबू, स्नोमोबाइल, रडार, अन्न काहीच नाही. शिवाय तुमची छावणी इतकी आत की परत यायला त्या विमानालाच वाटेत इंधन लागणार, ते आधी कुणीतरी तिथे नेऊन ठेवायचं, आणि ते नेणारं विमानही इंधन पिणारच. त्यांनी पानावर छोटे गोल काढत काढत शेवटी बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. माझ्या तीन आठवड्यांच्या कामासाठी एका मोठ्या छावणीच्या हंगामातला बराचसा हिस्सा लागत होता. प्रस्ताव नाकारताना हे कुणी लिहिलं नव्हतं, कारण परीक्षकांनी विज्ञानावर लिहिलं होतं. पण कुठेतरी कुणीतरी हे गोल काढले असणारच.

तो कागद मी अजून ठेवलाय. त्यानंतर मी प्रस्ताव मोडून नव्याने बांधला. नासाच्या ऑपरेशन आइसब्रिजची विमानं २००९ पासून त्या भागावरून रडार घेऊन उडत होती, ती माहिती सगळ्यांना खुली होती. ज्या रेषांवरून मला रडारने मोजत जायचं होतं त्यातल्या निम्म्या त्यातूनच मिळत होत्या. उरलेल्या रेषा इंधनाच्या आधीच असलेल्या साठ्याजवळ सरकवल्या. सहाची तीन माणसं केली. आणि पुढच्या वर्षी टाउन हॉलमध्ये पुन्हा माइक धरला, यावेळी प्रश्न असा होता: "उड्डाणांची सगळ्यात जास्त चणचण हंगामात कधी असते, आणि एखाद्या गटाने आपलं काम जानेवारीत ढकललं तर तुमचा ताण खरंच कमी होतो का?" अधिकाऱ्याने मागे वळून लॉजिस्टिक्सच्या लोकांकडे पाहिलं, त्यांच्यातला एक उठला आणि त्याने पाच मिनिटं सविस्तर सांगितलं की सुरुवातीला ध्रुवावरचं स्थानक उघडणं आणि सगळ्या छावण्या मांडणं एकदमच अंगावर येतं, आणि कुठल्या प्रकारचं काम नंतर ढकलता येतं. सभागृहातल्या वीसेक लोकांनी ते उतरवून घेतलं. माझा प्रस्ताव दुसऱ्या फेरीत मंजूर झाला. त्याचं श्रेय त्या प्रश्नाला नाही, त्या ड्रमांच्या हिशेबाला आहे.

तेव्हा परिणाम होईल का? सार्वजनिक प्रश्न विचारल्याबद्दल कुणी तुमचा प्रस्ताव पाडत नाही. परीक्षण बाहेरचे लोक करतात, वैज्ञानिक गुणवत्ता आणि व्यापक परिणाम या दोन ठरलेल्या निकषांवर. प्रोग्राम ऑफिसर त्यावरून शिफारस करतो आणि तिच्यावर वरिष्ठांची सही लागते. स्वतःचं गाऱ्हाणं माइकवर मांडलंत तर नुकसान एवढंच की तुमची पाळी वाया जाते. ज्याचं उत्तर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही उपयोगी पडेल असा प्रश्न विचारा.

दुसरी बाजूही आहे. आपण फक्त माहिती घ्यायला जात नाही, द्यायलाही जातो. अधिकाऱ्याला वरच्यांपुढे, म्हणजे संचालकांपुढे, व्हाइट हाउसच्या बजेटवाल्यांपुढे, काहीतरी घेऊन जावं लागतं. "संशोधक नाराज आहेत" हे घेऊन जाता येत नाही, संशोधक नेहमीच नाराज असतात. घेऊन जाता येतं ते असं: अमुक मोजमापांची तीस वर्षांची अखंड मालिका या वर्षी जहाज नसल्यामुळे तुटणार आहे, किंवा, आमच्या सात विद्यापीठांनी बसून ठरवलंय की ही एकच यंत्रणा आधी हवी, बाकीच्या नंतर चालतील. बर्फात भोकं पाडणाऱ्यांनी हे सगळ्यात चांगलं जमवलंय. यू. एस. आइस ड्रिलिंग प्रोग्राम दरवर्षी आपला दीर्घकालीन विज्ञान आराखडा सुधारतो: कुठल्या प्रश्नासाठी किती खोल बर्फ हवा, त्यासाठी कुठलं ड्रिल लागेल, ते तयार आहे की बांधायचंय. पश्चिम अंटार्क्टिकात डब्ल्यूएआयएस डिव्हाइड या ठिकाणी ३,४०५ मीटरचा बर्फाचा गाभा (ड्रिलने काढलेला दंडगोल) निघाला तो अशाच वर्षानुवर्षांच्या एकत्र नियोजनातून. निधी देणाऱ्याच्या हाती आयता क्रम पडला की त्याचं काम सोपं होतं, आणि सोपं काम आधी होतं. हा सरकारी कार्यालयांचा जगभरचा नियम.

याच्या उलट, आपसांत भांडत गेलेल्या गटांना मी रिकाम्या हाती परतताना पाहिलंय. समुद्रवाले म्हणतात जहाज, बर्फवाले म्हणतात विमान, खगोलवाले म्हणतात ध्रुवावर वीज, आणि मंचावरचा माणूस मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण आता काहीच केलं नाही तरी चालणार असतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी अंटार्क्टिक संशोधनाचा दृष्टिकोन मांडला तो देशभर संशोधकांच्या बैठका घेऊन, आणि त्यात पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ किती वेगाने समुद्रात जाईल हा प्रश्न अग्रक्रमाने आला. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, ब्रिटनबरोबरचा, पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीचा संयुक्त प्रकल्प जाहीर झाला. त्या बैठकांना गेलेल्यांपैकी कुणाच्याही हाती त्या दिवशी काही लागलं नव्हतं. २०३२-३३ मध्ये पाचवं आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष, म्हणजे ध्रुवीय संशोधनाची जगभरची एकत्रित मोहीम, येतंय. त्याची बीजं आत्ताच्या कंटाळवाण्या बैठकांमध्ये पडताहेत, आणि तेव्हा तुम्ही पोस्टडॉक नसाल. प्रस्ताव मागवणारी सूचना निघाल्यावर हरकती घेणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एक विषय असा आहे की ज्यावर बैठकीत नवख्यांनी बोलायलाच हवं आणि ज्येष्ठांनी गप्प राहून ऐकायला हवं. २०२२ मध्ये एनएसएफनेच करून घेतलेला, अंटार्क्टिक कार्यक्रमातल्या लैंगिक छळाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पाहणीत भाग घेतलेल्या स्त्रियांपैकी ७२ टक्के म्हणाल्या की तिथे हा प्रश्न आहे. त्याआधीची कित्येक वर्षं मी त्याच सभागृहांत बसत होतो आणि हा विषय माइकवर एकदाही आलेला मला आठवत नाही. ज्यांना बोलायचं होतं त्यांचा पुढचा हंगाम, शिफारसपत्र, तंबूतली जागा, सगळं पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हातात होतं. त्यामुळे कुठल्याही खुल्या बैठकीबद्दल माझा एक कायमचा संशय आहे: जे तिथे ऐकू येतं ते ज्यांना बोलणं परवडतं त्यांचं असतं. निनावी लेखी प्रश्न घेण्याची सोय आहे का, हे आयोजकांना आधी विचारा. नसेल तर सुचवा. एवढी सूचना पोस्टडॉकही करू शकतो. २०२३ मध्ये एनएसएफने अट घातली की संस्थेबाहेर जाऊन करायच्या कामासाठी प्रस्ताव पाठवणाऱ्या संस्थेने सुरक्षित आणि सर्वसमावेशक वातावरणाची योजना तयार ठेवायची. ती तुमच्या गाइडने तुम्हाला दाखवली नसेल तर मागून घ्या.

तुमचं काम पुढे आर्क्टिककडे वळणार असेल तर ज्या "कम्युनिटी"शी संवाद साधायचा तिचा अर्थच बदलतो. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी नाहीत, तिथे कम्युनिटी म्हणजे आपण संशोधक. अलास्कात कम्युनिटी म्हणजे तिथे राहणारे लोक, आणि आपण पाहुणे, बरेचदा न बोलावलेले. एनएसएफचे संचालक ज्या आंतरविभागीय समितीचे अध्यक्ष असतात ती १९८४ च्या आर्क्टिक संशोधन कायद्यातून आली. आर्क्टिकात संशोधन कसं करावं याची तत्त्वं १९९० मध्ये लिहिली गेली आणि २०१८ मध्ये सुधारली. कागदावर सगळं नीट. तरी 'नेव्हिगेटिंग द न्यू आर्क्टिक' या मोठ्या योजनेबद्दल २०२० मध्ये अलास्कातल्या कावेरॅकसह काही आदिवासी संस्थांनी एनएसएफला पत्र लिहून स्पष्ट सुनावलं की योजना आखताना आणि प्रस्ताव निवडताना आमच्याशी पुरेसं बोललं गेलेलं नाही.

उत्तर अलास्कातल्या एका गावात शाळेच्या व्यायामशाळेत भरलेल्या बैठकीला मी गेलो होतो. आमच्यातल्या एकाने चाळीस स्लाइड आणल्या होत्या. एक आजोबा शेवटच्या रांगेत शांतपणे बसले होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की आधी येऊन गेलेल्यांनी जी मोजमापं नेली ती आता कुठे आहेत. आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. आणखी एक गोष्ट तिथे कळली: आम्ही जी तारीख ठरवली होती ती देवमाशाच्या शिकारीच्या तयारीत येत होती, म्हणून निम्मं गाव आलंच नव्हतं. तारीख आम्ही आमच्या सेमिस्टरच्या सोयीने ठरवली होती.

उरलेलं झटपट. जाण्याआधी कार्यालयाने प्रसिद्ध केलेली गेल्या वर्षीची सादरीकरणं आणि प्रस्ताव मागवणाऱ्या चालू सूचना वाचून जा. जे लिहिलेलं आहे ते विचारणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण चांगल्या कारणासाठी नाही. बैठकीनंतर आठवड्याच्या आत एका पानाचा मेल पाठवा: प्रश्न काय आहे, कुठे जायचंय, किती माणसं, किती दिवस, किती किलो, आणि विमान किंवा जहाज मिळालं नाही तर यातलं काय करता येईल. शेवटचा मुद्दा बहुतेक जण लिहीत नाहीत आणि अधिकारी तोच आधी शोधतात. अनुदानाच्या पैशांतून संसदेत लॉबिंग करता येत नाही, आणि "आम्ही खासदारांना काय सांगू?" असं अधिकाऱ्याला माइकवर विचारून त्याला पेचात टाकू नका. तुम्ही भारतीय पासपोर्टवर असाल तर एक बारकावा: संशोधन अनुदानाचा प्रस्ताव विद्यापीठामार्फत जातो, त्याला सहसा नागरिकत्वाची आडकाठी नसते, बऱ्याच पोस्टडॉक फेलोशिपना मात्र नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डाची अट असते. सूचना नीट वाचा, नाहीतर महिनाभर राबून शेवटी त्या एका ओळीवर अडाल.

आणि प्रत्यक्ष सभागृहात असाल तर पुढे बसू नका. मागच्या दाराजवळची कडेची खुर्ची धरा. मंचावरच्यांभोवती संपल्यावर गराडा पडतो, पण लॉजिस्टिक्सचे लोक मागच्या दाराने निघतात, आणि ते एकटे असतात. ड्रम किती लागतील ते तेवढं पाठ करून ठेवा.